फ्रेम उलटी करून बघा

२५ ऑक्टोबर १९७२ या दिवशी मेक्सिको सिटीत बेल्जियमच्या एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून जागतिक विक्रम केला. सायकलचं वजन जेमतेम पावणेसहा किलो. हलकेपणाची हौस इतकी, की चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडलेली. तिच्या नळीवर ठळक अक्षरांत नाव होतं ‘विंडसर’. विंडसर हा मेक्सिकोतला ब्रँड. त्याचा त्या सायकलशी संबंध एवढाच, की नाव चिकटवायला जागा मिळाली होती. फ्रेम घडवली होती इटलीत, मिलानजवळच्या कांबियागो गावी, एर्नेस्तो कोल्नागोने. आज ती सायकल ब्रसेल्सच्या मेट्रोत, मर्क्सच्याच नावाच्या स्टेशनात काचेआड ठेवलेली आहे आणि ती कोणाची हे सगळ्यांना माहीत आहे. पण तीच फ्रेम नाव खरवडून, काळा रंग फासून, एखाद्या भंगारवाल्याकडे टांगलेली सापडली असती तर?

जुन्या फ्रेमचं कूळ शोधणाऱ्यांना हा प्रश्न रोजचाच. चाकं गेलेली, हॅन्डल भलत्याच सायकलचं, सीट फाटलेली, रंग तीनदा दिलेला. हातात उरतो तो पोलादी नळ्यांचा सांगाडा. कुठल्या देशाचा, कुठल्या कारखान्यातला, कुठल्या सालचा, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं असतं.

पहिली सवय मोडावी लागते ती नाव वाचण्याची. नळीवरची अक्षरं म्हणजे बहुतेक वेळा पातळ स्टिकर किंवा ट्रान्स्फर असतं, आणि नामांकित कंपन्यांच्या जुन्या स्टिकरच्या हुबेहूब नकला विकत मिळतात. शर्यतीच्या जगात तर प्रायोजकाचं नाव एक आणि कारागिराचा हात दुसरा, हे उघड गुपित होतं. मर्क्स मोल्तेनी संघाकडून धावत असताना त्याच्या फ्रेमी आधी कोल्नागोने आणि पुढे उगो दे रोझाने बांधल्या. इंग्लंडमध्येही गावोगावची सायकलची दुकानं स्वतःच्या नावाची फ्रेम विकायची, ती घडवलेली असायची तिसऱ्याच कोणीतरी. सोनाराच्या पेढीवर पाटी एकाची आणि दागिना घडवणारा आतल्या खोलीत दुसराच, तसाच हा मामला.

हॅन्डलखालच्या आखूड नळीवरचा धातूचा बिल्ला त्यापेक्षा बरा साक्षीदार. तो रिव्हेट मारून बसवलेला असतो, त्यामुळे बिल्ला पडला तरी भोकं राहतात. ती एकाखाली एक आहेत की शेजारी शेजारी, आणि त्यांच्यात अंतर किती, एवढ्यावरून काही कंपन्या बाद करता येतात. रंगारी भोकं बुजवतात खरी, पण नळीत आतून बोट फिरवलं की ती लागतात.

मग फ्रेम उलटी करायची.

पेडलचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो त्याला आपल्याकडचे सायकलवाले ‘बीबी’ म्हणतात. सगळा चिखल आणि ग्रीस याच्या पोटाला साचतो, म्हणून इकडे कोणी फिरकत नाही. नंबर बहुधा इथेच ठोकलेला असतो, नाहीतर सीटखालच्या सांध्याजवळ किंवा मागच्या चाकाच्या खाचेपाशी. रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा दहा मिनिटं दाबून ठेवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचं. कानस आणि पॉलिश पेपर लांब ठेवायचे, कारण ठोकलेला आकडा जेमतेम केसाएवढा खोल असतो आणि उत्साहाच्या भरात तोच घासला जातो. रंगाच्या थराखाली आकडे पुसट दिसत असतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवायची, लहानपणी नाण्यावरून फिरवायचो तशी. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो.

नंबर मिळाला म्हणजे कोडं सुटलं असं मात्र नाही. मोटारीच्या चेसिस नंबरसारखी सायकलींसाठी जगभर एकच पद्धत कधीच नव्हती. ज्याने त्याने आपापली पद्धत चालवली, मध्येच बदलली, आणि कारखाना बंद पडला तेव्हा नोंदवह्या रद्दीत गेल्या. काही पद्धती मात्र छान उलगडतात. शिकागोच्या श्विनने १९६५ पासून नंबराच्या आधी दोन अक्षरं घातली, त्यातलं पहिलं महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. रॅलेच्या १९७४ नंतरच्या नंबरात पहिलं अक्षर कारखान्याचं असतं: ‘एन’ म्हणजे नॉटिंगहॅम, ‘डब्ल्यू’ म्हणजे वर्कसॉप. आणि ‘एसबी’ने सुरू होणारा नंबर निघाला तर मालकाने खाली बसून घ्यावं. हे नंबर इल्कस्टनच्या छोट्या खास कार्यशाळेचे. टीआय-रॅले संघाच्या सायकली तिथे हाताने घडत, आणि त्याच संघाच्या योप झूटमेल्कने १९८० ची टूर द फ्रान्स जिंकली. त्याच रंगाच्या, तेच नाव लावलेल्या रॅले नॉटिंगहॅमच्या मोठ्या कारखान्यातून ढिगाने निघत होत्या. रंगावरून दोन्ही सारख्याच वाटतात, पोटावरच्या दोन अक्षरांनी जात कळते.

नंबर ठोकताना कारखान्याला आपली ओळख ठेवायची असते. आटे पाडताना तसं काहीच मनात नसतं, म्हणून आट्यांवर या शोधकांचा जास्त भरवसा.

बीबीच्या नळकांड्याला दोन्ही तोंडांशी आतून आटे असतात आणि त्यांत बेअरिंगचे कप बसतात. प्रत्येक देशाने आपले आटे वेगळे पाडले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदुका बनवणाऱ्या कंपनीचं माप रूढ झालं: व्यास १.३७० इंच आणि एका इंचात २४ आटे. फ्रान्सने मेट्रिकला जागून ३५ मिलिमीटर व्यास आणि दर मिलिमीटरला एक आटा ठेवला. इटलीने व्यास ३६ मिलिमीटर धरला आणि आटे मात्र इंचाला २४ ठेवले, म्हणजे अर्धं मेट्रिक आणि अर्धं इंची. हिशेबाला विचित्र, पण ओळखायला सोयीचं. नळकांड्याची रुंदीही निराळी: इटालियन ७० मिलिमीटर, इंग्लिश आणि फ्रेंच सहसा ६८.

आट्यांची दिशा आणखी बोलकी. इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणजे आवळायला डावीकडे फिरवायचा. फ्रेंच आणि इटालियन फ्रेममध्ये तोच कप सुलट्या आट्याचा. स्विस फ्रेमला व्यास फ्रेंच आणि दिशा इंग्लिश. हा उलटा आटा कुणाच्या लहरीने आलेला नाही. क्रँक फिरतो तेव्हा छर्रे कपाच्या भिंतीवरून घरंगळतात आणि क्रँकच्या उलट्या दिशेने कपाला अगदी सूक्ष्म ढकलत राहतात. सुलट्या आट्याचा उजवा कप त्यामुळे हळूहळू सैल होतो. इंग्लिशांनी आटा उलटा करून तोच ढकला आवळण्याच्या कामी लावला. इटालियन सायकल चालवणारे कप करकचून आवळतात, आणि तरी काही महिन्यांनी पान्हा शोधतात.

दुरुस्तीवाल्यांना याची धास्ती असते. फ्रेंच फ्रेमचा कप इंग्लिश समजून पान्ह्याला पाइप लावून ताकद केली, की तो आणखी घट्ट होत जातो आणि शेवटी नळकांड्याचे आटे निघून येतात. त्यामुळे जाणकार मेकॅनिक अनोळखी फ्रेम आली की आधी कपाच्या काठावरची अक्षरं वाचतो. सुटून आलेल्या कपाचे आटे मोजायला महागडं गेजही लागत नाही. माहितीतला चोवीस आट्यांचा कप घ्यायचा, दोघांचे आटे एकमेकांत रुतवून खिडकीकडे धरायचे. अंतर सारखं असेल तर मधून उजेड येत नाही. दोन-तीन आट्यांनंतर फटी दिसायला लागल्या, तर माप वेगळं.

अशा फटी दिसण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे रॅले. नॉटिंगहॅमचा हा कारखाना १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक बाउडनच्या हाती आला आणि पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कारखान्यांत गणला जाऊ लागला. बाउडन घराण्याच्या मानचिन्हातल्या बगळ्याचं डोकं रॅलेच्या बिल्ल्यावर आलं आणि दातेरी चक्रातही कोरलं गेलं. नट, बोल्ट, हब सगळं घरात बनायचं, त्यामुळे दुसऱ्याच्या मापाशी जुळवून घ्यायची गरजच नव्हती. त्यांनी इंचाला २६ आटे पाडले, बीबीलाही आणि चिमट्याच्या नळीलाही. नळकांडंही ६८ पेक्षा रुंद, ७१ किंवा ७६ मिलिमीटरचं. रॅलेला सुटा भाग रॅलेचाच लागायचा. गिऱ्हाइकाला हे जाच वाटलं असेल, फ्रेमचं कूळ शोधणाऱ्याला मात्र घबाड.

त्याचं कारण रॅलेची भूक. १९३२ मध्ये तिने हंबरच्या सायकली घेतल्या, १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ, १९५४ मध्ये ट्रायम्फच्या सायकली, १९५७ मध्ये बीएसएच्या. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स (टीआय) या उद्योगसमूहात रॅले सामील झाली आणि हर्क्युलस, फिलिप्स हे जुने प्रतिस्पर्धी एकाच छपराखाली आले. नावं सगळी चालू ठेवली, कारण प्रत्येक नावाचं गिऱ्हाईक बांधलेलं होतं. एकाच कारखान्यातून निघालेली फ्रेम एका दुकानात रज म्हणून विकली जायची, तर दुसऱ्यात ट्रायम्फ म्हणून. एखादा माणूस आजोबांची ट्रायम्फ घेऊन येतो, ती कॉव्हेंट्रीची असल्याचं छातीठोकपणे सांगतो. कप काढावा तर सव्वीस आटे, नळकांडं रुंद, आणि नटांच्या डोक्यावर ‘आरआय’ ही इवली अक्षरं, म्हणजे रॅले इंडस्ट्रीज. आजोबांची ट्रायम्फ नॉटिंगहॅमची निघते आणि तिचं वय निदान दहा-वीस वर्षांनी कमी होतं. असे खुलासे जपून करावे लागतात.

मागच्या चाकाला तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर आणखी एक धागा हाती येतो. हाही रॅलेच्याच घरातला. ‘एडब्ल्यू’ हा त्याचा सर्वांत खपलेला नमुना १९३६ मध्ये आला, आणि त्यानंतर लवकरच हबच्या कवचावर तारीख ठोकायची पद्धत पडली. ‘एडब्ल्यू ६४ ३’ असं दिसलं तर हब मार्च १९६४ चा. इतकी सरळ कबुली दुसरा कुठलाच भाग देत नाही. गोची एवढीच, की चाकं बदलली जातात. हबची तारीख म्हणजे हबची तारीख. फ्रेमच्या बाकीच्या खुणा तिच्याशी जुळल्या तरच ती फ्रेमला लावायची. जपानी भागांचंही तसंच. शिमानोच्या जुन्या भागांवर पाठीमागे दोन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं, १९७६ ला ‘ए’ धरून पुढे, आणि दुसरं महिन्याचं.

शर्यतीच्या फ्रेमची तपासणी निराळ्या अंगाने चालते. तिथे व्हर्नियर काढायचा. इंग्लिश नळ्या इंची मापाच्या: तिरकी नळी २८.६ मिलिमीटर, दांडी २५.४. फ्रेंच नळ्या २८ आणि २६. रंगाचा थर धरूनसुद्धा अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक लपत नाही. सीटचा दांडा नळीत किती जाड बसतो यावरून नळीच्या भिंतीची जाडी कळते. २७.२ मिलिमीटरचा दांडा जात असेल तर नळी पातळ भिंतीची आणि महागाची, बहुधा बर्मिंगहॅमची रेनॉल्ड्स ५३१ किंवा मिलानची कोलंबस. २५.४ च्या आसपास अडकला तर साध्या जाड पोलादाची, मग वर कितीही भारी स्टिकर असो. रेनॉल्ड्स कुटुंबाचा मूळ धंदा खिळ्यांचा. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी ओढायची युक्ती त्यांनी १८९७ मध्ये पेटंट केली, कारण सांध्याशी जोर जास्त पडतो आणि मधलं पोलाद नुसतं ओझं असतं. ५३१ हे मिश्रण १९३५ मध्ये आलं.

चिमटा उपसून काढला तर फ्रेमच्या आत जाणारी त्याची नळी दिसते. तिथे रंग पोहोचत नाही, त्यामुळे नळी बनवणाऱ्याचा ठसा शाबूत असतो. कोलंबसच्या जुन्या एसएल आणि एसपी नळीत आतून पाच नागमोडी वळ्या असतात, बंदुकीच्या नळीतल्या खाचांसारख्या. खालून टॉर्च मारला की चमकतात. बाहेरून कोलंबसचं कबुतर चिकटवणारे पुष्कळ, आतून वळ्या पाडत बसणारा कोणी नसतो.

नळ्या एकमेकींना मिळतात तिथली पोलादी बाही, म्हणजे लग, ही मात्र फसवी गोष्ट. दिसायला सर्वांत देखणी, नक्षीदार, म्हणून नवखे तिच्यावरूनच निदान करतात. नेर्व्हेक्स प्रोफेशनल नावाची वेलबुट्टीची लग फ्रान्समध्ये बनायची. ती प्यूजोच्या पीएक्स-१० वर दिसते, अमेरिकेच्या श्विन पॅरामाउंटवर दिसते आणि इंग्लंडच्या कित्येक छोट्या कारागिरांच्या फ्रेमवरही. चाकाच्या खाचेवर ‘काम्पान्योलो’ लिहिलेलं बघून फ्रेम इटालियन ठरवणंही तसंच. चांगल्या फ्रेमला जगभर त्याच खाचा लागत. बाजारातून आणलेल्या लगवर कारागिराने कानसेने काय केलं, टोकं कशी निमुळती केली, खिडक्या कशा कापल्या, ते बघायचं असतं. १९७० मध्ये मिकेले दांचेल्लीने कोल्नागोच्या सायकलवर मिलान–सान रेमो जिंकली, त्यानंतर कोल्नागोने किलवराचं पान हे चिन्ह घेतलं आणि ते पोलादातच कोरायला सुरुवात केली. बनावट स्टिकर लावणाऱ्याची इथे पंचाईत होते.

काही फ्रेमी अशा, की लांबूनच ओळखाव्यात. लंडनच्या टॉटनहॅममध्ये हायमन हेचिन या रशियातून आलेल्या ज्यू गृहस्थाचं ग्रामोफोनच्या रेकॉर्डींचं आणि सायकलींचं दुकान होतं. त्याचा कारागीर जॅक डेनी याने १९३० च्या दशकात मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या चक्क नागमोडी वाकवल्या. बेट्स बंधूंनी चिमट्याला मध्येच उलटं वळण दिलं. ब्रॅडफर्डच्या बेन्स कंपनीने सीटची नळी उभी करून मागची बाजू इतकी आखडली, की लोक तिला ‘उडतं फाटक’ म्हणू लागले. हादरे कमी बसतात, फ्रेम ताठ राहते, अशी कारणं जाहिरातीत होती. दुसरं कारण जास्त पटतं: हौशी शर्यतींच्या नियमांत निर्मात्याच्या नावाची जाहिरात चालत नसे, मग फोटोत नाव झाकलं तरी आकार कसा झाकणार?

वयासाठी आणखी एक सोपं माप आहे. मागच्या चाकाच्या दोन खाचांमधलं अंतर. पाच गिअरच्या काळात ते १२० मिलिमीटर होतं, सहा-सात गिअर आले तसं १२६ झालं, पुढे १३०. मात्र पोलाद वाकतं. नवं चाक घुसवायला कुणीतरी खाचा फाकवल्या असतील तर हे माप खोटं बोलतं, आणि मग ब्रेकच्या वायरीसाठी नळीवर झाळलेल्या कड्या आहेत की पट्ट्या आवळायच्या, हे बघून ताळा घ्यावा लागतो.

आपल्याकडे माळ्यावर सापडते ती सहसा शर्यतीची फ्रेम नसते. अठ्ठावीस इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची, उंच काळी सायकल असते आणि घरात ती ‘विलायती’ म्हणून ओळखली जाते. त्यातल्या कितीतरी बंगालच्या किंवा मद्रासच्या निघतात. स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली आणि इंग्लिश नावं इथेच बनू लागली. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली, तिथून हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए निघाल्या. रॅले, रज, हंबर आसनसोलच्या सेन-रॅलेमधून. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स त्याआधीपासून होती. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० च्या एकाच कायद्याने सरकारच्या झाल्या. म्हणजे बगळ्याचा बिल्ला दिसला तरी नॉटिंगहॅम की आसनसोल हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर बिल्ल्यावरच्या गावाच्या नावात, नटांवरच्या ‘आरआय’मध्ये आणि हबवरच्या तारखेत शोधायचं असतं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जुन्या विलायती सायकली जवळून बघायला मिळतात. डोळा तयार करायला तशी जागा हवीच.

देशी सायकलीला एक जास्तीची खूणही असते, नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला. वर्ष आणि क्रमांक ठोकलेला धातूचा तुकडा, हॅन्डलच्या बोल्टखाली किंवा सीटच्या खिळीपाशी गंजून बसलेला. सायकल कुठे जन्मली हे तो सांगत नाही. ती कुठल्या गावात आणि कुठल्या साली रस्त्यावर होती, हे नेमकं सांगतो. भांड्यावर नाव घालावं तसं मालकाचं नावही कधी चेनकव्हरवर रंगवलेलं असतं. रंग काढायची घाई करणाऱ्याच्या हातून आधी हेच जातं.

सगळं टिपून झालं, फोटो काढले, कागदावरचा पेन्सिलीचा ठसा वहीत चिकटवला, की मग बीबी पुन्हा भरायची. कपात ग्रीस थापायचं, पाव इंचाचे अकरा छर्रे एका बाजूला, अकरा दुसऱ्या बाजूला चिकटवायचे, एक्सल सरळ आत सरकवायचा. एक छर्रा खाली पडतोच. तो शोधायला टॉर्च हाताशी असतोच.